करंदीच्या घशातला काटा

आमच्या पूर्णा गावात कुणी खोकलं की काटा अडकला. सर्दी, दमा, धूळ, धूर या गोष्टी बाकीच्या जगातल्या लोकांना होत असतील. माझ्या सासरी खोकल्याला एकच कारण आहे आणि एकच औषध. कारण माशाचा काटा, औषध सुक्या भाताचा मुटका. मुटका म्हणजे मुठीत दाबून घट्ट केलेला गोळा. तो चावायचा नाही, अख्खाच्या अख्खा गिळायचा, म्हणजे काटा त्याच्याबरोबर पोटात जातो. आणि हा मुटका वळायचा मान माझ्या सासूबाईंचा, आक्कांचा. गावात कुठल्या पोराच्या घशात काटा अडकला की त्याची आई त्याला काखोटीला मारून आमच्या ओट्यावर आणते. आक्का टोपातला गार भात घेतात, मुटका वळतात, पोराच्या जिभेच्या मुळाशी ठेवतात आणि पाठीवर एक थाप मारतात. पोर गिळतं आणि रडायचं थांबतं. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, खोटं कशाला बोलू? माणसाच्या पोराला खरोखरच काटा अडकलेला असला तर कधीकधी ते औषध लागूही पडत असेल.

करंदी माणसाचं पोर नव्हती, आणि तिच्या घशात काटा नव्हता.

तिला माझ्या दिरानं, कुणालनं आणलं. आमच्या जमिनीवर गोडाऊनं उभी राहिल्यापासून आमच्या घरात वस्तू आधी येतात आणि त्यांचं काम काय ते मागाहून ठरतं. पळायचं मशीन आलं, त्यावर आता चादरी वाळतात. तसंच एक दिवस पांढऱ्या लोकरीच्या गुंड्यासारखं कुत्र्याचं पिल्लू आलं, मादी. पॉमेरेनियन, त्यातही अगदी बुटक्या जातीचं. कुणालनं फोनवर फोटो बघून मागवलं होतं. आठवडाभर त्यानं तिचे व्हिडिओ काढले आणि मग त्याचा जीव नव्या बाईकवर गेला. पिल्लू राहिलं माझ्याकडे आणि माझ्या मुलीकडे, ऋतिकाकडे.

ऋतिका दुसरीत. एकुलती एक, त्यातून घराभोवती सगळे ट्रेलर आणि पत्र्याची गोडाऊनं. खेळायला जाणार कुठे? शाळेतून आली की दप्तर एकीकडे आणि ती एकीकडे. पिल्लू तिच्या मांडीवर, उशीवर, फ्रॉकच्या घेरात. नाव मात्र आक्कांनी ठेवलं. पहिल्या दिवशी पिल्लू तळहातावर घेऊन त्या म्हणाल्या होत्या, "येवरीशी हाय गो, करंदीवानी." करंदी म्हणजे खाडीतली लहान कोळंबी. ऋतिकाला ते इतकं आवडलं की तेच कायम झालं.

आक्कांनी तिला जीव लावला नाही असं मी म्हणणार नाही. सकाळी स्वतःच्या चहाआधी त्या तिला दूध द्यायच्या. रागाच्या भरात मला हे विसरायला आवडलं असतं, पण विसरता येत नाही.

खोकला सुरू झाला तो थंडीत. आधी पाणी प्यायल्यावर, मग दारात कुणी आल्यावर, मग कुणालनं आणलेला घुंगरांचा पट्टा जरा ओढला गेला तरी. तो खोकला कुत्र्याचा वाटायचाच नाही. मान पुढे काढून, पुढचे पाय फाकवून ती बदकासारखा आवाज करायची, कोंडलेला, कर्कश. शेवटी ओकारी काढल्यासारखं करायची आणि काहीच पडायचं नाही. बघणाऱ्याला वाटावं, घशात काहीतरी अडकलंय. आक्कांना तर वाटायलाच नको, त्यांना ते ठाऊकच होतं.

"काटा हाय," त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या. "कोनी दिला हिला मासा?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दिघाशीची, खाडीपासून लांबच्या गावातली. दीपेशची आणि माझी ओळख भिवंडीच्या कॉलेजातली, लग्न आमच्या पसंतीचं, आणि त्या लग्नाची किंमत मला रोज ताटाशी चुकती करावी लागते. माझे वडील भातशेती करतात. आमच्याकडे मासे यायचे ते सुके, नाहीतर पावसाळ्यात शेतात चढलेले. त्यामुळे मला मासा साफ करता येत नाही, मला काटा दिसत नाही, माझ्या हातच्या कालवणाला खाडीकाठची चव नाही, हे माझ्या सासरी ठरून गेलंय. थट्टेतच म्हणतात. थट्टा इतकी जुनी झाली की तिचं मत कधी झालं ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

"मी काही दिलं नाही, आक्का," मी म्हणाले.

"दिला नसशील गो. पन भातान राहिला असंल, तुला दिसला नसंल."

मी करंदीला रिक्षात घालून शहरात जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तरुण बाई होत्या, पण घाई नव्हती त्यांना. त्यांनी करंदीच्या गळ्यावर दोन बोटांनी हलकंसं दाबलं तशी ती लगेच बदकासारखी खोकली. मग एक्स-रेचा फोटो काढला. तो उजेडावर धरून त्यांनी मला दाखवलं: "या जातीच्या पिल्लांची श्वासनळी मुळातच नाजूक असते. हिची जास्तच मऊ आहे. श्वास घेताना चपटी होते, म्हणून हा आवाज. यात काटाबिटा काही नाही." मग एकेक गोष्ट समजावून सांगितली. गळ्यात पट्टा बांधायचा नाही, छातीवरून येणारा बांधायचा. धूळ, धूर, उदबत्ती यांच्यापासून लांब ठेवायचं. दमवायचं नाही, वजन वाढू द्यायचं नाही. आणि खोकला सुरू झाला की शांत जागी न्यायचं, छातीवरून हळू हात फिरवायचा, तोंडात काहीही घालायचं नाही. "पाणीसुद्धा नाही," त्या म्हणाल्या. "तिला श्वास घ्यायचा असतो, गिळायचं नसतं."

घरी येऊन मी हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. सगळे टीव्हीपुढे बसले होते. कुणाल हसला. म्हणाला, "वहिनी, तुला फसवलं त्यांनी. कुत्र्याला कधी दमा होतो का?" दीपेशनं फोटो बघितला, "बरं" म्हणाला आणि टेबलावर ठेवला. आक्कांनी तो उचलून उलटा धरला.

"काटा बारका असंल तं फोटोन कसा दिसंल?" त्या म्हणाल्या. "डॉक्टरनीना कवा बोईट खाल्लाय का? आमचा जलम काट्यान गेला."

मी वाद घातला नाही. पट्टा काढून अडगळीत टाकला, छातीचा आणला, औषध चालू केलं. माझ्या खोलीत उदबत्ती बंद, खिडक्या बंद. रस्त्यावरून कंटेनर गेले की आमच्या ओट्यावर पिठासारखी धूळ बसते, म्हणून तिला मागच्या बाजूला फिरवायची. ऋतिकाला मी सगळं शिकवलं आणि पोरीनं ते इतकं मनावर घेतलं की करंदी खोकली की ती आपोआप हलक्या आवाजात बोलायला लागायची. महिन्याभरात खोकला निम्म्यावर आला. मी मनातून फुशारले होते. मला वाटलं, आता न सांगताच यांना कळेल.

मग नणंद आली. दीपेशची मोठी बहीण, घरात सगळे तिला ताईच म्हणतात. रविवार होता, ती मुलांना घेऊन जेवायला आली. ताई यायची म्हणजे बोईट, खाडीतला काटेरी मासा, आणि तेही चुलीवर, मागच्या पडवीत. सकाळपासून धूर. मी करंदीला माझ्या खोलीत कोंडलं, दार ओढून घेतलं आणि ऋतिकाला बजावलं की पाहुणे जाईपर्यंत तिला बाहेर काढायचं नाही. ऋतिकानं मान हलवली. पण घरात आलेली मुलं दार बंद असलेली खोली सोडतात होय? मी तुकड्या तळत असताना ताईच्या मुलांनी करंदीला काढलं, अडगळीतून तो घुंगरांचा पट्टा शोधला, तिच्या गळ्यात बांधला आणि ओट्यावर तिची शर्यत लावली. घुंगरांचा आवाज मला ऐकू आला होता. मला वाटलं, रस्त्यावरून बैल चाललाय. पूर्ण्यात आता बैल राहिलेत कुठे, हे त्या क्षणी सुचलं नाही.

मग खोकला ऐकू आला. तो मात्र मी लगेच ओळखला, पण कढईत तेल तापलेलं आणि शेजारी ताईचं धाकटं उभं. गॅस असता तर बटण फिरवून बंद केला असता. चुलीतली लाकडं ओढून, पोराला बाजूला करून मी बाहेर येईपर्यंत ओट्यावर घोळका झाला होता. मधोमध करंदी, मान ताणलेली, कवड्यांसारखे डोळे बाहेर आलेले. आणि आक्का घरातून येत होत्या. त्यांच्या मुठीत भात होता.

"घशान काटा अरकलाय तिचे," त्या म्हणत होत्या. "बाजूला व्हा. ऋतू, तू धर बाय तिला. तुझं आयकते ती."

"आक्का, नको," मी म्हणाले. "तोंडात काही घालू नका. पट्टा सोडा आधी. दीपेश, पट्टा सोड."

दीपेश माझ्या जवळच उभा होता. त्यानं माझा दंड धरला. जोरानं नाही, पाहुण्यांसमोर बायकोला आवरतात तसा. "थांब ना जरा," तो म्हणाला. "आक्काला कळतं त्यातलं."

ऋतिकानं माझ्याकडे पाहिलं. मी तिला शिकवलं होतं ते तिला आठवत होतं, मला दिसत होतं ते. पण आजी सांगत होती, पप्पांनी आईला धरलं होतं, आत्या म्हणत होती धर गं धर. सात वर्षांच्या पोरीनं कुणाचं ऐकावं? तिनं करंदीला मांडीत घेतलं, पुढचे पाय धरले, आणि आक्कांनी सांगितल्यावर दोन्ही हातांनी तिचा जबडा उघडा धरला. आक्कांनी मुटका आत ढकलला आणि पाठीवर थाप मारली.

खोकला थांबला.

"गेला खाली," आक्का म्हणाल्या, आणि खरंच, क्षणभर सगळ्यांना तसंच वाटलं. ताईच्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग करंदीचे पाय झटके द्यायला लागले. जीभ निळी पडली. मी दीपेशचा हात झिडकारून तिला उचललं, उलटं धरलं, बोट घातलं. दोन-चार शितं आली. पट्टा मी दातांनी ओढून तोडला. गाडीत बसलो तेव्हा तिची छाती अजून हलत होती. रस्त्यावर गोडाऊनच्या फाटकात एक ट्रेलर आडवा लागला होता, मागेपुढे करत होता. दीपेश हॉर्न वाजवत राहिला. ट्रेलर सरळ व्हायच्या आधीच ती माझ्या मांडीवर जड झाली. एवढासा जीव, पण मेल्यावर जड लागतो.

तरी आम्ही गेलो. डॉक्टरीणबाईंनी तिला टेबलावर घेतलं आणि लांब चिमट्यानं घशातून भात काढायला लागल्या. घट्ट गोळ्याचे तुकडे, एकावर एक. दीपेश बघत होता.

"काटा?" त्यानं विचारलं.

"कसला काटा?" त्या म्हणाल्या. "मी फोटो दाखवला होता ना यांना? भातानं कोंडलीय ती. कुणी भरवला हा?"

दीपेश पाकीट काढून पैसे मोजायला लागला. मी करंदीला फडक्यात गुंडाळलं. तोंड उघडलं असतं तर मी तिथेच त्याला शिव्या घातल्या असत्या.

त्या घातल्या परतीच्या वाटेवर. जे जे मनात होतं ते सगळं बोलले. तुझ्या आईनं मारलं तिला, म्हणाले. तू मला धरून ठेवलंस. मी आज सगळ्यांसमोर सांगणार, ताईसमोर, कुणालसमोर, काटा नव्हता, कधीच नव्हता. तो गाडी चालवत होता. गाव जवळ आलं तसं त्यानं गाडी बाजूला घेतली.

"सांग," तो म्हणाला. "आक्काला सांग, ती आजारी पडेल. पडू दे. पण ऋतूला काय सांगशील? जबडा कुणी धरला होता?"

मला माझ्या नवऱ्याची किळस आली, आणि त्याचं बरोबर होतं.

ओट्यावर सगळे वाट बघत होते. ऋतिका पायरीवर, हात अजून पुढे धरलेले, करंदीचं अंग त्यात असल्यासारखे. माझ्या हातातलं फडकं बघून तिला कळलं. मी गाडीतून उतरायच्या आत दीपेश उतरला आणि मोठ्यानं म्हणाला, "काटाच होता. खोल रुतला होता. डॉक्टर म्हणाली, उशीर झाला."

आक्का मटकन बसल्या आणि रडायला लागल्या. खरं रडल्या, मला ठाऊक आहे. "मी बोल्लू व्हती," त्या म्हणत होत्या, "पयल्या दिवसापासना बोल्लू व्हती." ताईनं त्यांना पाणी दिलं आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मी दिघाशीहून काटा घेऊनच आले होते. म्हणाली, "वहिनी, डॉक्टर करत बसण्यापेक्षा आधीच आक्काचं ऐकलं असतंस तर जगली असती गं." कुणालनं मान हलवली. मी ऋतिकाच्या हातांकडे बघत होते. लहान हात, नखांना अजून शितं चिकटलेली. मी ते हात धुवायला तिला आत नेलं.

करंदीला आम्ही मागच्या आवारात पुरलं. त्यानंतर कितीतरी दिवस आमच्याकडे मासे आले नाहीत. आक्का म्हणाल्या, मन व्हत न्हाय. पण खाडीच्या माणसांचं मन माशावाचून किती दिवस राहणार? परवा दीपेश बाजारातून बोईट घेऊन आला.

मी केली. तुकड्या केल्या, कालवण केलं. ऋतिकाचा तुकडा मी उजेडात धरून सोलला, बोटांनी एकेक धागा चेपून बघितला, कण्याचा काटा काढला, कडेचे काढले, केसासारखे असतात तेही काढले. दिघाशीच्या बाईला काटा दिसत नाही म्हणणाऱ्यांनी यावं आणि त्या बशीत शोधावा. सगळे जेवायला बसले होते. मी बशी तिच्यापुढे ठेवली.

तिनं ती उचलली आणि आक्कांपुढे सरकवली. "आजी, तू एकदा बघ," ती म्हणाली.

आक्कांनी चष्मा लावला. बोटांनी मासा चाचपला. बराच वेळ चाचपला. सापडलं काहीच नाही, पण तसं त्या बोलल्या नाहीत. "खा आता," म्हणाल्या आणि बशी परत सरकवली.

ऋतिका लगेच खायला लागली नाही. ती तिच्या पप्पांकडे बघत होती. "पप्पा," तिनं विचारलं, "करंदीच्या घशातला काटा केवढा होता?"

दीपेशचा घास हातातच राहिला. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी त्यानं वर धरली, मध्ये बोटभर अंतर ठेवलं. "एवढा," तो म्हणाला.

ऋतिकानं ते अंतर नीट बघून घेतलं. मग माझ्याकडे वळली. रागानं विचारलं नाही तिनं, रागानं विचारलं असतं तर सोपं गेलं असतं.

"एवढा मोठा होता, आई. तुला दिसला कसा नाही?"

आक्का, दीपेश, कुणाल, सगळे आपापल्या ताटात बघत होते. तिचे दोन्ही हात ताटाच्या कडेवर होते, स्वच्छ धुतलेले.

"नाही दिसला," मी म्हणाले. "चुकलं माझं."